लव्हक्राफ्ट वाचावा, मिरवू नये

एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथा मला मनापासून आवडतात. तो कडवा वर्णद्वेषी होता. यातलं एक मान्य करायला दुसरं पुसून टाकावं लागत नाही.

'त्या काळी सगळे तसेच होते' हा बचाव आधी निकालात काढू. १९२५ साली तो न्यूयॉर्कात, ब्रुकलिनला राहत होता. हार्लेममध्ये तेव्हा कृष्णवर्णीय लेखक, कलावंत ऐन भरात होते आणि त्यांच्या लेखनाचं 'द न्यू नीग्रो' हे संकलन त्याच वर्षी, त्याच शहरातून निघालं. काळ त्यांचाही तोच होता. लव्हक्राफ्टने त्या उन्हाळ्यात 'द हॉरर ॲट रेड हुक' लिहिली. बंदराजवळची स्थलांतरितांची वस्ती, परके चेहरे, परक्या बोली; लेखकाच्या लेखी एवढ्यावरच गुन्हा शाबीत. त्याची बायको सोनिया ग्रीन युक्रेनमध्ये जन्मलेली ज्यू. रस्त्यावरची संमिश्र गर्दी पाहून तो संतापाने बेभान व्हायचा, हे तिनेच लिहून ठेवलंय.

'लेखक बाजूला ठेवा, कथा वाचा' हा सल्लाही इथे लागू पडत नाही. द्वेष कथेतच मुरलेला आहे. त्याच्या क्थुल्हू या राक्षसी देवतेचे भक्त कोण, तर मिश्र वंशाचे खलाशी. भीती तिथूनच सुरू होते.

तरीही 'द शॅडो ओव्हर इन्समथ' वाचाच. पडक्या बंदरगावातलं हॉटेल, रात्र. खोलीच्या दाराची कडी कुणीतरी नुकतीच काढून नेलेली. नायक कपाटाची कडी सोडवून दाराला बसवतो आणि कपडे न बदलताच आडवा होतो. मग बाहेरून कुलपात हलकेच किल्ली फिरते. एवढ्या साध्या तपशिलावर घाम फोडणारे लेखक थोडे. या गावकऱ्यांत समुद्रातल्या जीवांचं रक्त मिसळलंय आणि त्याचीच किळस वाचकाला यावी, अशी सगळी मांडणी आहे. शेवटी मात्र नायकाला आरशात तोच चेहरा दिसतो. ते रक्त त्याचंही आहे. लव्हक्राफ्टचे आई-वडील दोघेही मनोरुग्णालयात वारले. आपल्या रक्तात काय आहे, ही धास्ती त्याच्या फार जवळची असणार. इथे द्वेषाचं टोक त्याच्यावरच उलटतं, म्हणून ही कथा 'रेड हुक'च्या कितीतरी वर जाते.

वाचणं वेगळं आणि गौरवणं वेगळं. १९७५पासून वर्ल्ड फँटसी अवॉर्ड म्हणून विजेत्याच्या हाती लव्हक्राफ्टच्या डोक्याचं शिल्पच दिलं जायचं. २०११ साली ते नेडी ओकोरफोर या नायजेरियन-अमेरिकन लेखिकेला मिळालं. कृष्णवर्णीयांना माणूस आणि पशू यांच्यामधला प्राणी ठरवणारी १९१२ची कविता ज्याच्या नावावर आहे, त्याचं डोकं तिने घरात मानाने मांडायचं! तिने हा पेच जाहीरपणे मांडला, इतरांनीही मागणी लावून धरली आणि २०१५ साली ते शिल्प बंद करायचं ठरलं.

निषेध म्हणून एस. टी. जोशींनी आपले पुरस्कार परत केले. जोशींचा जन्म १९५८चा, पुण्याचा. मासिकांच्या छपाईत बिघडलेल्या लव्हक्राफ्टच्या संहिता त्यांनी चिकाटीने दुरुस्त केल्या, त्याचं सर्वांत विस्तृत चरित्र लिहिलं. आज आपण लव्हक्राफ्ट नीट वाचू शकतो, ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. हे ऋण मोठं आहे, तरी या बाबतीत त्यांचं चुकलंच. शिल्प गेल्याने एकही कथा कमी झाली नाही. पुरस्कार घेणाऱ्याचा मान राखण्यासाठी असतो. मेलेल्या लेखकाची बूज राखण्याचं ओझं त्याच्या खांद्यावर कशाला?

व्हिक्टर लाव्हॅल या कृष्णवर्णीय लेखकाने तर २०१६ साली 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम'मध्ये 'रेड हुक'ची कथा हार्लेमच्या एका तरुणाच्या बाजूने नव्याने सांगितली, आणि पुस्तक अर्पण केलं लव्हक्राफ्टलाच. 'रेड हुक' वाचायचीच असेल तर हे पुस्तक सोबत घ्या. मूळ कथेपेक्षा ते सरस आहे.