टेंडरभाऊ

सावरगावात कोणी तुमच्या हातात कागदांचा गठ्ठा कोंबून "पैसे नको, पण वाचजा" म्हणालं, तर समजायचं की टेंडरभाऊ भेटले. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. गावात ते कोणी वापरत नाही.

या माणसाने आयुष्यात एक पुलियाही बांधलेली नाही. ते ठेकेदार नाहीत, इंजिनिअर नाहीत, कुण्या ठेकेदाराचे साळेही नाहीत (आमच्याकडे ते एक स्वतंत्र पद आहे). थोडी संत्र्याची बाग, ओसरीवर एक म्हातारा कंप्यूटर आणि प्रिंटरवर धूळ बसू नये म्हणून काकूंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, एवढीच इस्टेट. सकाळी बागेला पाणी सोडलं की भाऊ चष्मा पुसतात आणि मध्य प्रदेश सरकारचं टेंडरांचं पोर्टल उघडतात. पांढुर्णा, सौसर, जमलं तर मोहखेडही. कुठे नाली, कुठे शाळेच्या दोन खोल्या, कुठे अंगणवाडीची भिंत. जे निघेल ते उतरवायचं, छापायचं आणि ज्याच्या कामाचं असेल त्याच्या दारात नेऊन द्यायचं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं पोर्टलवर फुकटच आहे. आहे. टेंडर भरताना पैसे लागतात, पाहायला आणि उतरवायला नाही. पण वाटेत कॅप्चा नावाचा एक द्वारपाल बसलेला असतो. वाकडी अक्षरं, त्यांच्यावरून गेलेल्या रेघा. भाऊ नाक पडद्याला टेकवून विचारतात, "हा शून्य हाय का ओ?" नातू सांगतो, "आबा, तो पाह्यते का तुमी मानूस हाय का मशीन." त्यावर भाऊंचं उत्तर ठरलेलं: "टेबलामागच्या बाबूले काऊन नाई इचारलं असं कोनी?"

त्या बाबूची कथा जुनी आहे. टेंडरचा फॉर्म कचेरीत विकत मिळायचा तो काळ. जिल्हा तेव्हा छिंदवाडा. पांढुर्णा जिल्हा झाला 2023 मध्ये. तरण्याबांड भाऊंना एका छोट्या पुलियाचं काम घ्यायची हौस आली. अर्ज, नोंदणीची नक्कल, फॉर्मची फी खिशात घालून ते पहाटेच्या गाडीने सौसर, रामाकोना करत सिल्लेवानीचा घाट चढून एका कचेरीत पोचले. बाबू म्हणाला, साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला म्हणाला, उद्या या. तिसऱ्या खेपेला म्हणाला, फॉर्म संपले.

"फॉर्म संपले," हे दोन शब्द भाऊ आजही वेगवेगळ्या सुरांत म्हणून दाखवतात. "संपाले ते काय तेंदूपत्ता हाय?" पुढे कळलं की तीन फॉर्म विकले गेले होते, तिन्ही एकाच वाड्यात. स्पर्धा दिसली पाहिजे ना! धाकट्याने जास्त दर भरायचा, मधल्याने त्याहून जास्त, आणि काम थोरल्याला.

भाऊंनी पुलियाची हौस सोडली, कागदाची धरली. 2005 मध्ये माहितीचा अधिकार आला तेव्हा त्यांना दिवाळी आधीच आल्यासारखं झालं. दहा रुपये अर्जाचे, दोन रुपये पानाचे. काकू म्हणतात, त्या वर्षांत घरात साड्या कमी आणि सर्टिफाइड नकला जास्त आल्या. मग सगळं ऑनलाइन झालं आणि भाऊंची पानामागची दोन रुपयांची बचत होऊ लागली. ती त्यांनी शाईत घातली.

नुसता कागद देऊन ते थांबतील तर टेंडरभाऊ कसले. कागद असतो इंग्रजीत नाहीतर शुद्ध सरकारी हिंदीत. 1956 च्या राज्यांच्या फेररचनेत आपण मध्य प्रदेशातच राहिलो, पण 'निविदाकार द्वारा निष्पादन' आमच्या घरात अजून आलेलं नाही. म्हणून भाऊ समासात निळ्या पेनाने मराठी लिहितात. 'अमानत राशि'पुढे: "काम नाई भेटलं तं वापस, भेटल्यावर पळाला तं गेली." 'लीड'पुढे: "गिट्टी किती लांबून येईन ते. खदान पाहून ये, नकाशा पाहून नोको." मला विचाराल तर खात्याने ही टिपणंच मूळ प्रतीत छापावीत.

भांडण होतं ते वेगळ्याच गोष्टीवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांमधल्या जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्याच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात, हे सगळ्या देशाला टीव्हीवरून माहीत आहे. प्रशासनाने एकदा गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले होते; लोकांनी ते बाजूला ठेवले. अशा गावात भाऊ एकच टेंडर नदीच्या दोन्ही काठांना वाटतात!

"आपल्या काठचे होऊन त्यायले कायले देता भाऊ?"

"कागद सरकारचा हाय बाप्पा. मी काय नदी हाय का मधात पडाले?"

यावर सावरगावचे चिडतात आणि पांढुर्ण्याचे संशय घेतात. फुकट देतो म्हणजे याचं काहीतरी असलंच पाहिजे, अर्धी पानं लपवली असतील, अशी त्यांची खात्री. बाबूला पाचशे रुपये देऊन घेतलेल्या फॉर्मवर असा संशय कधी कोणी घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. एका ठेकेदाराने तर भाऊंचा पंचेचाळीस पानी गठ्ठा संत्र्याच्या पेट्यांत खाली अंथरला. माल नागपूरला गेला, सोबत अटी आणि शर्तीही गेल्या.

मागल्या वर्षी गल्लीतल्या सिमेंट रस्त्याचं काम निघालं. भाऊंनी नेमाने चौघांना प्रती दिल्या. त्यातल्या एकाने प्रत उघडलीसुद्धा नाही. पलीकडच्या काठचा चोवीस टक्के बिलो टाकतो एवढं ऐकलं आणि याने सत्तावीस टाकले. भाऊ संध्याकाळी त्याच्या ओट्यावर गेले.

"येवढं खाली गेल्यावर जास्तीची सुरक्षा ठेव मांगते. पान एकोणीस. वाचलं का?"

"भरून काढू नं भाऊ."

"कुठून?"

तो हसला, चहा पाजला.

काम लागलं. सातव्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघालो तर गल्लीत भाऊ उकिडवे बसलेले. एका हातात टेप, दुसऱ्या हातात लोखंडी सळई, काखेत निळ्या शाईची प्रत. पाट्यांच्या कडेला सळई उभी करून जाडी मोजत होते आणि चारचौघांना ऐकू जाईल असं आकडा म्हणत होते. "कागदावर वीस. इथं तेरा. इथं साडेबारा. तराईचं पानी कुठं हाय?" आसपासच्या बायका कुंच्यानिशी बाहेर आल्या होत्या. एकीने तर आपल्या दारासमोरचं पुन्हा मोजायला लावलं.

ठेकेदार मोटारसायकल तशीच टाकून धावत आला. काखेतला गठ्ठा त्याने ओळखला.

"भाऊ! हा कागद तं तुमीच मले देल्ला होता नं, फुकटात?"

भाऊंनी टेप गुंडाळली. "हो नं," ते म्हणाले. "अन् छापतानी एक प्रत आपल्यासाठी बी काहाडतो मी."