घराला स्वतःचा पत्ता द्या

धाकट्या भावाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट गेल्या महिन्यात डिजिटल करून घेतली. दोन तासांचं चित्रीकरण, साडेतीन जीबीची फाइल. राउटरला हार्ड डिस्क जोडली आणि पुण्याच्या घरी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर फोल्डर आपोआप उमटलं. हळद, वरात, बाबांचा फेटा, सगळं. आई साताऱ्याला असते. तिच्याकडेही फायबर आहे, स्मार्ट टीव्ही आहे. तिच्या टीव्हीपर्यंत मात्र ही हळद काही केल्या पोचेना. शेवटी एसटीने निघालेल्या भाच्याच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला.

माझ्या योजनेत डाउनलोड आणि अपलोड दोन्ही शंभर एमबीपीएस आहेत. या चित्रीकरणाला चार पुरतात. वेगाचे पैसे आम्ही दोन्ही घरांत भरतो, तरी एका घरातलं दुसऱ्या घरात जात नाही. हे संतापजनक आहे.

घरातल्या घरात हे जमतं, कारण टीव्ही ‘व्हिडिओ कुणाकडे आहेत?’ अशी हाळी देतो आणि डिस्क ओ देते. ही पद्धत यूपीएनपीची. तिच्यावर डीएलएनए हे मानक उभारायला सोनी, इंटेल वगैरे कंपन्या २००३ मध्ये एकत्र आल्या. ती हाळी राउटरच्या उंबऱ्यापाशी थांबते, आणि थांबावीच. गावभर ऐकू गेली तर कुणीही आत डोकावेल. २०१७ मध्ये डीएलएनएची संघटना विसर्जित झाली. उंबऱ्यापलीकडच्या घराचं काय, हे कोडं राहूनच गेलं.

खरी अडचण उंबऱ्याबाहेर आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘वॅन आयपी’ पाहिला, तर आकडा १०० ने सुरू होणारा, पुढे ८७. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. कंपनीच्या जाळ्याबाहेर तो पत्ता कुणालाच सापडत नाही. अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्याच्या या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. फाटकावर चाळीचं नाव आहे, पण खोली नंबर कुठेच नाही. तुम्ही पाठवलेल्या पत्राचं उत्तर येतं. आपणहून आलेल्या पाहुण्याने कुणाच्या दाराची कडी वाजवायची?

कंपन्यांची अडचण खोटी नाही. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ते जेमतेम ४२९ कोटी, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. पण त्यावरचा उपाय, आयपीव्ही६, त्याच्याही आधीपासून तयार आहे. त्यात प्रत्येक घरालाच काय, घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता देता येतो. आम्ही हेल्पलाइनला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, ‘स्टॅटिक आयपी घ्या, त्याचे पैसे वेगळे.’ पत्त्याचेही पैसे!

मग लोक काय करतात? घरचे व्हिडिओ भाड्याच्या क्लाउडवर चढवतात. पुण्यातली हळद कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवर जाते, तिथून साताऱ्याला उतरते, आणि जागेचं भाडं दरमहा चालू राहतं. ऐंशीच्या दशकात मुंबईतले केबलवाले एका व्हीसीआरवरून गच्चीगच्चीने वायर ओढून इमारतभर सिनेमा दाखवत. पुष्कळदा तो विनापरवाना असे, ते चूकच होतं. पण त्या वायरीला शेजारचं घर शेजारीच आहे हे कळत होतं.

डिस्क सगळ्या जगाला उघडी करावी, असं मी म्हणत नाही. फायरवॉलचं दार मुळात बंदच हवं. त्याची किल्ली मात्र घरमालकाच्या हातात हवी. दोन घरांमध्ये वायरगार्डसारखा कुलूपबंद बोगदा टाकता येतो. तो फुकट आहे, २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. दोनपैकी एका घराला बाहेरून पोचता येईल असा पत्ता असला की झालं.

म्हणून आज एवढं करा. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये बसत असेल, तर कंपनीला फोन लावा आणि दोनच प्रश्न विचारा: आयपीव्ही६ देता का? आणि राउटरची फायरवॉल मला स्वतःला बदलता येते का? ‘नाही’ म्हणाले, तर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या.