शाश्वत हिरवळ

गोल्फच्या मैदानाच्या कडेने बंगले बांधायचे आणि प्रकल्पाला ‘पर्यावरणपूरक’ म्हणायचं, ही कला मुळशीकरांनी पाहून घेतली आहे. तिथल्या लवासाच्या आराखड्याचं अमेरिकेत कौतुक झालं. पुढे 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली आणि 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या दारात गेलं.

आता अशाच प्रकल्पासाठी कुणीतरी जुन्नर-आंबेगावकडे वळावं. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं तयारच आहेत: माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. मूळ आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याकडे नुसतं नाव राहिलं; म्हणजे जागा रिकामी करून देण्याची सवयही आहेच. उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्या टँकरची वाट पाहतात. हिरवळीला मात्र ‘पुनर्वापराचं पाणी’ मिळेल. पुनर्वापर व्हायला ते आधी कुणीतरी वापरावं लागतं, हा तपशील माहितीपत्रकात बसत नाही.

तसं पाहिलं तर इथली हरित वसाहत दोन हजार वर्षांची आहे. लेण्याद्रीला एकही वीट न आणता डोंगरातच खोल्या कोरल्या, पावसाच्या पाण्यासाठी पोढ्या खोदल्या. एसी नाही, मेंटेनन्स नाही. पण क्लबहाउसच नाही म्हटल्यावर मानांकन कोण देणार?

राहिला बिबट्या. तो उसात जन्मतो, उसात वाढतो. अठरा होलांची उघडी हिरवळ त्याला रुचेलच असं नाही. सभासदांची गुबगुबीत कुत्री मात्र नक्की रुचतील.