सापाची ऊब : नाशिककरांसाठी काही सूचना

घरात साप पाळण्याचा संकल्प सोडण्यापूर्वी साप कोणता ते पाहावे. गंगापूर रोडच्या बंगल्यात शिरलेली धामण किंवा मखमलाबादच्या द्राक्षबागेतला नाग असेल, तर हे मार्गदर्शन इथेच संपते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप पाळता येत नाहीत. अजगर तर पहिल्या अनुसूचीत. त्याला पाळणाऱ्याच्या निवाऱ्याची सोय तीन ते सात वर्षे सरकार करते. अशा वेळी हीटर शोधू नये, वनविभागाचा १९२६ फिरवावा.

राहता राहिला परदेशी पाहुणा, बहुधा पश्चिम आफ्रिकेकडचा बॉल पायथन. त्याचीही ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद लागते. रेशनकार्डाच्या फायलीत त्याचे कागद लावून टाकावेत.

आता थंडी. निफाडचा पारा घसरला की बागाईतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. सापासाठी हा उपाय करू नये, सोसायटी हरकत घेते. काचेच्या पेटीची एक बाजू ३१-३२ अंशांवर ठेवावी, दुसरी २५-२६ वर. सापाला स्वतःचे अंग आतून तापवता येत नाही. तो ऊन-सावलीत सरकून भागवतो. ऊब कमी पडली तर गिळलेला उंदीर पचत नाही आणि तो जसा गेला तसा परत येतो. हे दृश्य घरच्यांना शक्यतो जेवणानंतर दाखवावे.

थर्मोस्टॅटवर मात्र पैसे वाचवू नयेत. हीट मॅट पेटीच्या तिसऱ्या हिश्श्याखाली, आणि सेन्सर मॅटलाच घट्ट चिकटवलेला. तो आत मोकळा सोडला, तर साप रात्री त्याला ढुशी देऊन पाण्याच्या भांड्यात ढकलतो. थर्मोस्टॅट बिचारा समजतो, कडाक्याची थंडी पडली, आणि पहाटेपर्यंत मॅट तापवत बसतो. वर पंचाईत अशी की पोट भाजत असतानाही साप पुष्कळदा जागचा हलत नाही. शहाणपणाबद्दलची त्याची ख्याती इथे कामाला येत नाही.

दिवसाचा दिवा टायमरवर बारा तास. रात्रीसाठी दुकानदार लाल बल्ब गळ्यात मारतील, तो घेऊ नये. सापाला रात्री अंधारच लागतो. उजेड न पाडता नुसती धग देणारा सिरॅमिक हीटर मिळतो. त्याला चिनी मातीचा होल्डर हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. भोवती जाळी असावी, नाहीतर साप त्यालाच विळखा घालतो.

आपली हिवाळी हवा कोरडी, त्यात हीटर. ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास राखला नाही तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवर अडकते. नागपंचमीला आजी काचेला हळदकुंकू वाहतील, वाहू द्यावे. थर्मामीटरचा आकडा तेवढा उघडा ठेवावा. दूध बाहेरच थांबवावे.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर वायफाय चालणार की साप, याचा ठराव दिवाळीपूर्वी करून घ्यावा. हरलात तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवावी.

एप्रिलात पारा चाळिशीला टेकला की सगळे उलटे : हीटर बंद, आणि सापाच्या खोलीला एसी. वर्षभर त्या खोलीचा उंबरा न ओलांडलेले काका पहिल्याच दुपारी उशी घेऊन येतील. त्यांना थंड बाजूला जागा करून द्यावी.