पाल कुठाय?

आमची सून निजामाबादची. १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत निजामाबाद आणि आमचं हिंगोली एकाच हैदराबाद राज्यात होती, तेव्हा ही माणसं काही परकी नव्हेत, असं मी लग्नाच्या बैठकीत ठासून सांगितलं होतं. हे वाक्य सौ.नं मला नंतर बरेचदा ऐकवलं.

लग्नानंतरची तिसरी सकाळ. मी ओसरीवर पेपर उघडून बसलेलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुनेची आरोळी आली, "अत्तय्या! पालु! पालु!"

सौ. देवघरातून उठली ती झाडू घेऊनच. "कुठाय? कुठाय गं?" सून शेगडीकडे बोट दाखवतेय आणि ही शेगडीमागची भिंत बडवतेय. फळीवरचे डबे खाली आले. त्यात वसमतच्या हळदीचा डबा उघडा होता. तोवर पातेल्यातलं दूध उतू जाऊन ओट्यावर पसरलं आणि आयतं हळदीचं दूध तयार झालं.

तेलुगूत पालु म्हणजे दूध. तमिळ आणि मल्याळममध्ये तर सरळ पालच. आपण अंगावर पाल पडली म्हणून आंघोळ करतो आणि तिकडं लोक चहात पाल घालून पितात.

"ते असू द्या," सौ. म्हणाली, "पण ती मला आत्या का म्हणते?" तेलुगूत सासूला आणि आत्याला शब्द एकच. आत्याच्या घरात सून म्हणून जायची रीत आपल्याकडंही आहेच की. हे सांगून मी सुटलो.

मी मात्र पुढं अडकलो. चाळीस वर्षं संस्कृत शिकवल्याचा हा परिणाम. व्याह्यांकडं नाश्त्याला इडली आली. व्याही प्रेमानं म्हणाले, "पल्ली चटणी घ्या." संस्कृतात पल्ली म्हणजे पाल, पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टकच असतं. हातातला घास हातातच राहिला. चटणी शेंगदाण्याची होती आणि झकास होती, हे तिसऱ्या इडलीला कळलं.

दसऱ्यापर्यंत सूनबाई मराठी पाल शिकली. मग मीच घोटाळा केला. रामलीला मैदानावरून आलो आणि म्हणालो, "चला, पालं पडलीत, फिरून येऊ." जत्रेतल्या दुकानदारांचे तंबू, दुसरं काय! ती जागची हलेना. पाल आणि पालं यांतला फरक समजवायला मी पाटी घेतली, तर पोरगं म्हणालं, "बाबा, इंग्रजीत पाल म्हणजे दोस्त." कोश काढून पाहिला. इंग्रजांनी हा शब्द रोमा भटक्यांकडून उचललेला. त्यांच्या बोलीत तो भावासाठी, आणि मूळ आपलं संस्कृत भ्रातृ. भारतातून निघालेली ही मंडळी युरोपभर पालं ठोकत गेली आणि जाताना इंग्रजांना पाल देऊन गेली! मी उड्याच मारायच्या बाकी होतो. घरात कुणीही विशेष दखल घेतली नाही.

परवा फडताळामागून खरोखरीची पाल निघाली. सौ. ओरडली, "अगं, पाल! पाल!"

सून धावत आली आणि तिनं गॅस बंद केला.