हे खरे आहे काय?

एस.टी.त महिला, दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक अशा राखीव आसनांच्या पाट्या असतात, त्यांतच एक आमदारांसाठीही असते. त्या जागेवर मी कांद्याचं पोतं पाहिलंय, रुखवताची कळशी पाहिलीय, पेंगणारे गुरुजी पाहिलेत. आमदार पाहिला नाही. खरं तर त्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. ही थट्टा आम्ही वर्षानुवर्षं करत आलो. परवा भाचीने ती खोडून काढली, तेव्हा जुनं खेळणं मोडल्यासारखं वाटलं.

भाची राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. 2020 च्या शैक्षणिक धोरणापासून इंटर्नशिपलाही श्रेयांक मिळू लागलेत, त्यामुळे प्रत्येक पदवीधराने एकदा तरी कुणाच्या तरी कचेरीत अवघडून उभं राहायचं असतं. हिच्या वाट्याला परिवहनाच्या एका कार्यालयातलं विधिमंडळ कामकाजाचं टेबल आलं. लोकशाही जवळून बघायला मिळणार म्हणून ही नवी वही घेऊन गेली. तिथे तिच्या हाती आधी टाचण्यांची डबी आली आणि मग तारांकित प्रश्नांचा गठ्ठा.

विधानसभेत 288 आणि विधान परिषदेत 78 सदस्य. त्यांतल्या बहुतेकांच्या भागात एस.टी. जाते, आणि जिथे जात नाही तिथला प्रश्न तर हमखास येतो. साचा ठरलेला. अमुक गावची मुक्कामी गाडी बंद केल्याने विद्यार्थ्यांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? यातून शासनाला पळायला वाट उरत नाही, असं भाचीला वाटलं. मग तिने जुनी उत्तरं वाचली. 'हे अंशतः खरे आहे.' 'प्रश्न उद्भवत नाही.' दोन ओळींत शासन सुखरूप बाहेर पडलेलं होतं.

मुक्कामी गाडी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. ती संध्याकाळी गावात येते, चालक-वाहक देवळात, शाळेच्या ओसरीवर नाहीतर गाडीतच पाठ टेकतात, आणि पहाटे तीच गाडी गावाला तालुक्याला घेऊन जाते. दवाखाना, कचेरी, बाजार, कॉलेज सगळं त्या एका फेरीवर. शाळेत जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून मोफत पास मिळतो. पण पास दाखवायला आधी गाडी यावी लागते. ती बंद झाली की घरात पोरीच्या शिक्षणाची नव्याने चर्चा सुरू होते, आणि त्या चर्चेला पूरक प्रश्न विचारायला कोणी नसतं.

तर असा प्रश्न टेबलावर आला की माहिती मागवायची. मंत्रालयातून महामंडळाकडे, तिथून विभाग नियंत्रकांकडे, तिथून आगार व्यवस्थापकांकडे. ते बिचारे तेव्हा नेमके बंद पडलेल्या गाडीपाशी उभे असतात. तरी माहिती 'आजच, तातडीने' हवी असते. भाचीने असे फोन केले. पलीकडून बहुधा एकच शब्द यायचा: भारमान. गाडीत माणसं किती भरतात त्याचं माप. भारमान कमी, म्हणून फेरी बंद.

भाची स्वतः विद्यार्थी सवलतीच्या पासवर वाढलेली, तिकिटाचा एक तृतीयांश भरून. तिला ठाऊक होतं की गाडी दोनदा आली नाही की तिसऱ्यांदा लोक वडापच्या खासगी जीपने जातात; मग गाडी रिकामी येते, आणि रिकामी येते म्हणून बंद होते. तिने उत्साहाने हे सगळं उत्तरात लिहिलं. कार्यासन अधिकारी मॅडमनी ते नीट वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बाळ, बरोबर आहे. पण उत्तरात विचारलेलंच सांगायचं. हे पूरक टिपणीत घाल."

पूरक टिपणी हा या टेबलावरचा खरा ग्रंथ. सभागृहात आयत्या वेळी कोण काय विचारेल याचा अंदाज बांधून मंत्र्यांसाठी ती तयार करतात. उत्तर दोन ओळींचं, टिपणी दहा पानांची. हिवाळी अधिवेशनाला हीच पानं ट्रंकांत बसून नागपूरला जातात. एवढं करून मंत्री अडलेच, तर अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी सरकते. आणि पुष्कळदा प्रश्नोत्तरांचा तास आधीच्याच प्रश्नांवरच्या गोंधळात संपतो, आपला प्रश्न पुकारलाच जात नाही. टिपणी जशीच्या तशी परत.

भाचीचाही प्रश्न पुकारला गेला नाही. ती हिरमुसली. पण त्याआधीच आगारातून फोन आला होता. साहेबांनी कळवलं होतं की सदर फेरी पूर्ववत सुरू करण्यात आली आहे, तसं उत्तरात नमूद करावं. कोणी भाषण केलं नव्हतं, बाकं वाजली नव्हती. 'बंद आहे' असं छापून येण्यापेक्षा गाडी सोडणं सोपं, एवढा साधा हिशेब आगाराने केला होता. गाडी उत्तरामुळे सुटली नाही, उत्तर लिहावं लागल्यामुळे सुटली. "मामा," भाची म्हणाली, "त्या राखीव सीटवर आमदार बसत नसतील. पण असा प्रश्न विचारला की ते गाडीत असतातच."

मी थट्टा मागे घेतली, पण पूर्ण नाही. ज्या गावाचा प्रश्न कोणी विचारलाच नाही, त्याचं काय? भाचीकडे याचं उत्तर नव्हतं, दोन ओळींचंही नाही.

ते आमच्या आईकडे निघालं. तिच्या माहेरची गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिने नातीला समोर बसवून प्रश्नाचा साचा उतरवून घेतला, खाली आपली सही केली आणि कागद थेट त्या भागाच्या आमदारांकडे धाडला. आता ती रोज दुपारी मला विचारते, पोचल्याचं पत्र आलं का? मी नाही म्हणतो, आणि लगेच विलंबाची कारणं द्यावी लागतात.