पाच वर्षं बघायला नको

पार्किंगमध्ये ज्या गाडीखाली पुठ्ठा अंथरलेला दिसेल ती आमच्या काकांची गाडी, आणि पुठ्ठ्याबाहेर आलेले पाय त्यांचे. त्यांच्याकडे १९९८ची पांढरी मारुती आठशे आहे. कंपनीने हे मॉडेल २०१४ साली बंद केलं. काकांकडे उत्पादन अजून चालू आहे.

क्लच प्लेट बदलली तेव्हा काका म्हणाले, "एवढं एकदा केलं ना, की पाच वर्षं बघायला नको." दिवाळीत रेडिएटर गळायला लागला. नवा टाकला, पाच वर्षं बघायला नको. संक्रांतीला कात्रजच्या घाटात सायलेन्सर निखळला. काकांनी तो गार होऊ दिला, फडक्यात गुंडाळून डिकीत टाकला आणि अख्ख्या पुण्याला ऐकू जाईल अशा आवाजात घरी आले. पुन्हा पाच वर्षं बघायला नको. एकेका वर्षात अशी वीस-पंचवीस वर्षं त्यांच्या खाती जमा होतात.

पार्ट आणायला ते नाना पेठेत जातात. दुकानदार विचारतो, "ओरिजिनल की लोकल?" काका दोन्ही हातांत घेऊन तोलतात, ओरिजिनल पसंत करतात आणि घासाघीस लोकलच्या भावावरून सुरू करतात.

"काका, विकून टाका आता," म्हटलं की म्हणतात, "अरे, आत्ताच बारा हजार घातलेत, आता कशी विकू?" बारा हजार घालायच्या आधी म्हणावं, तर "अशी नादुरुस्त गाडी घेणार कोण?" म्हणजे गाडी चालते तेव्हा विकायचं कारण नसतं आणि बंद पडते तेव्हा गिऱ्हाईक नसतं. किती किलोमीटर झाले हे मात्र विचारू नये. मागच्या पासिंगनंतर मीटरची केबल तुटली. साऱ्या गाडीत तेवढी एकच गोष्ट काकांनी दुरुस्त केलेली नाही.

याला सरकारचीही फूस आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे गाडी पास झाली आणि पर्यावरण कर भरला की पाच-पाच वर्षांची मुदत मिळते. २०१३, २०१८, २०२३. तिन्ही वेळा काका आरटीओतून कागद फडकवत आले, "बघ, सरकारसुद्धा तेच म्हणतंय!"

तरी त्यांच्या वेडात हिशोब आहे. आठवड्याला मंडई, बँक आणि एखादं लग्न एवढंच त्यांचं फिरणं. त्यासाठी नव्या गाडीचा हप्ता भरण्यापेक्षा वर्षाकाठी गॅरेजचं बिल स्वस्त पडतं. इंजिन बांधून मिळतं, क्लच मिळतो, पण खालचा पत्रा सडला की गाडी सोडायची, हा त्यांचा नियम. पुठ्ठ्यावर आडवे होऊन ते तेच तपासतात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जायचं. टण् वाजलं तर पुढे सरकायचं. भद्द वाजलं की ते थांबतात, बोटाने चाचपतात, आणि मग बराच वेळ गाडीखालून काहीच आवाज येत नाही.

यंदा डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले. काका आयुष्यात प्रथमच दुरुस्तीला नाही म्हणाले. "या वयात एवढा खर्च कशाला? चालतंय तोवर चालवू." गाडीखालून उठताना हल्ली ते बंपर धरतात, दोनदा बसतात, मग उभे राहतात. ज्या माणसाने बारा रुपयांच्या वॉशरसाठी भर उन्हात तीन दुकानं पालथी घातली, तो स्वतःला भंगारात काढून मोकळा झाला होता.

काकूंनी वाद घातला नाही. भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "अहो, एवढं एकदा केलं की पाच वर्षं बघायला नको."

काका गप्प झाले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "ओरिजिनल टाकतात की लोकल?"

ऑपरेशनची तारीख ठरली आहे. तुमच्या पार्किंगमध्येही असे काका असतीलच. गाडीचा हिशोब त्यांना शिकवायला जाऊ नका, तो त्यांना तुमच्यापेक्षा चांगला कळतो. गुडघ्यांचं तेवढं विचारा.